आठव्या दिवसाचे कपडे

लाँड्रीवाल्या बाईचा फोन आला तेव्हा इलारियो चोकेवांका एका खरेदीखताच्या चौथ्या प्रतीवर ‘मुळाबरहुकूम खरी’ असा शिक्का मारत होता. “तुमचे कपडे तयार आहेत हो साहेब,” बाई म्हणाली. “सहा नग. आज संध्याकाळच्या आत न्या बरं का, उद्यापासून आम्ही चार दिवस बंद.” बस्स, एवढंच. तो ‘बरं’ म्हणाला, फोन ठेवला आणि पाचव्या प्रतीवर शिक्का उलटा मारला. बावीस वर्षं तो लिमातल्या ह्या नोटरीच्या कचेरीत शिक्के मारत होता. शिक्का उलटा पडण्याची ही पहिलीच वेळ. शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला, म्हणाला, “काय इलारियोसाहेब, झोप झाली नाही वाटतं?” आणि मग ह्यांचा भाऊ जाऊन तीनच दिवस झालेत हे आठवून त्याने जीभ चावली, उठून पाणी आणून दिलं. इलारियो पाणी प्यायला. कसले कपडे, असं त्याने स्वतःला विचारलंसुद्धा. जसं काही माहीतच नव्हतं! खालच्या रस्त्यावर कोणीतरी मोटारीचा भोंगा दाबून धरला होता, तो थांबेचना.

बेर्नाबे सोमवारी सकाळी गेला. धाकटा, इलारियोहून नऊ वर्षांनी, एका सहलीच्या कंपनीत गाडी चालवणारा. अकरा दिवस तो इलारियोच्या घरातल्या मागच्या खोलीत खोकत पडला होता, मग एक रात्र इस्पितळात, आणि मग नाही. छातीचं काहीतरी होतं, दुसऱ्याला लागणारं. त्याचे बूट आणि पांघरुणं जाळावी लागली, इस्पितळात नेण्याआधी उतरवलेले कपडे तेवढे पिशवीत घरी राहिले, आणि मंगळवारी शहराबाहेरच्या बोडक्या टेकडीवर त्याला पुरलं तेव्हा फार जवळ जाऊ दिलं नाही. आई तिकडे दक्षिणेला, कोताउआसीच्या दरीत, सायवापाम्पात. ऐंशी वर्षांची बाई लिमाला येणार कशी, आणि येऊन बघणार काय? मंगळवारी संध्याकाळी ती गावच्या दुकानातल्या फोनवरून बोलली. रडली नाही. म्हणाली, “अंगावरचे उतरवलेले कपडे आहेत ना तुझ्याकडे? तसेच घेऊन ये. झटकूसुद्धा नकोस. आठव्या दिवशी पोचले पाहिजेत.” आठवा दिवस म्हणजे सोमवार. आठव्या दिवशी मेलेल्याचे मळके कपडे नदीवर नेतात; आई, बायको, जी कोणी सगळ्यात जवळची असेल ती एकेक कपडा नाकाला लावते, शेवटचं हुंगून घेते आणि परक्यांच्या हाती देते. धुवायचं परक्यांनी. घाम पाण्यात जातो आणि त्याच्याबरोबर माणूस सुटतो, कोरोपुना पर्वताच्या बर्फावर जाऊन पोचतो. नाही धुतले तर घराभोवती घुटमळत राहतो बिचारा, मेंढरांत शिरतो, दारं ढकलतो. लिमात कोणाला हे सांगितलं तर हसतील, म्हणून इलारियो कोणाला सांगत नसे. पण दरीतल्या माणसाला अंग कुठे पुरलं ह्याचं तेवढं वाटत नाही, कपडे धुतले गेले की नाही ह्याचं वाटतं. आणि बेर्नाबेचे कपडे बुधवारी सकाळी इलारियोने स्वतःच्या हाताने कोपऱ्यावरच्या लाँड्रीत दिले होते.

गडबडीत दिले, असं तो स्वतःला म्हणाला. डोकं ठिकाणावर नव्हतं. आपल्या दोन शर्टांबरोबर चुकून गेले. पण त्या सहा नगांत त्याचा एकही शर्ट नव्हता हे लाँड्रीच्या फळीसमोर उभं राहिल्यावर दिसलंच की! एक चौकटीचा जाड शर्ट, एक पँट, एक बनियन, मोज्यांचा एक जोड, सहलवाल्या कंपनीचं जाकीट, आणि आईने विणलेला तपकिरी स्वेटर. सगळं कडक घडी घालून पारदर्शक पिशवीत. बाई मोठ्या कौतुकाने सांगत होती, “शर्टाच्या खिशाशी तो हिरवा डाग होता ना, पानाचा, तो काही केल्या निघेना. मशीनमध्ये दोनदा घातला. शेवटी मीच हाताने घासला. बघा, आहे का कुठे?” कुठेच नव्हता. कोकाच्या पानांचा पुडा बेर्नाबे त्या खिशात ठेवायचा, गाडी चालवताना एकेक पान गालात सरकवायचा. घरी आल्यावर इलारियोने पिशवी फोडली आणि तोंड आत खुपसलं. साबणातल्या जांभळ्या फुलांचा वास. स्वेटरला, मोज्यांना, सगळ्याला तोच एक गोड, मठ्ठ, दुकानी वास. काखेत नाक घातलं, कॉलर उलटी केली, पँटच्या खिशांची अस्तरं ओढून बाहेर काढली. काही नाही. माणूस असा पुसला जातो तर, त्याच्या मनात आलं, आणि मग तो पलंगावर बसून कितीतरी वेळ स्वेटरची बाही घट्ट धरून राहिला.

आईला फोन करून सांगायचं असं त्याने ठरवलं. खरंच ठरवलं. दुकानदाराने तिला बोलावून आणेपर्यंत तो वाक्य जुळवत होता. पण ती आली ती धापा टाकतच म्हणाली, “नदीवरचा दगड घासून घेतलाय मी दामासोकडून. तू कधी निघतोस?” तिच्या मागे दुकानात चारजण बोलत होते, कोणीतरी मीठ मागत होतं. इलारियो म्हणाला, “उद्या.” आणि बेर्नाबेचा जोडीदार वाल्दो, जो त्याच कंपनीत गाडी चालवायचा, त्याचा नेमका त्याच वेळी निरोप येऊन पडला होता: “इलारियोदादा, शुक्रवारी सहल निघतेय. बेर्नाबेचीच गाडी, बेर्नाबेचाच रस्ता. सोमवारी दुपारच्या आत तुमच्या दरीत. एक जागा रिकामी आहे, चला.” चार दिवसांची साहसी सहल. वाळवंट, समुद्र, दऱ्या. बेर्नाबे अकरा वर्षं लोकांना ह्या रस्त्याने फिरवत होता आणि दर वर्षी म्हणायचा, “दादा, एकदा चल की रे. पुढच्या सीटवर बस माझ्या. चार दिवसांत मी तुला सगळा देश दाखवतो आणि शेवटी आईच्या दारात उतरवतो.” दर वर्षी इलारियोला काम असायचं. काम होतंही, नव्हतं असं नाही. पण आईच्या दारात उतरायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. ते धुराने काळं पडलेलं छप्पर, ती मेंढीच्या चरबीची आमटी, ती घोंगडी, जिचा वास लिमात आल्यावर पहिली दोन वर्षं त्याच्या अंगातून गेला नव्हता. वर्गातली पोरं नाक दाबायची. चौदा वर्षांचा होता तो. दिवसातून दोनदा थंड पाण्याने आंघोळ करायचा, दगडाने पाठ घासायचा, आणि एके दिवशी कोणी नाक दाबलं नाही तेव्हा त्याला राज्य मिळाल्यासारखं वाटलं होतं.

शुक्रवारी गाडीत तो पुढच्या सीटवर बसला. मागे चौघे. त्यातले दोघे ब्राझीलकडचे, आपसातच हसणारे. दुसरं जोडपं लिमाचंच, दातांची डॉक्टरीण रेबेका आणि तिचा नवरा, जो सबंध सहलीत कॅमेऱ्यातून डोळा काढणार नव्हता. लिमाचं राखाडी आभाळ मागे पडलं, डावीकडे मातकट डोंगर, उजवीकडे समुद्र, आणि मग समुद्रही बाजूला झाला आणि नुसती वाळू राहिली. वाल्दो बोलतच होता. “ही सीट मी हलवलेली नाही, दादा. बेर्नाबे पाय लांब करून बसायचा, मला तर ब्रेकपर्यंत पाय पुरत नाही, पण राहू दे म्हटलं.” इलारियोच्या पायांशी ती पिशवी होती. ऊन काचेतून मांडीवर पडत होतं, त्याच्या पाठीवरून घामाचा एक ओघळ कमरेपर्यंत आला, आणि तो ओघळ पँटीत जिरता जिरता त्याला ती कल्पना सुचली. पहिल्यांदा त्याला स्वतःचीच किळस आली. पण मग इका शहराच्या अलीकडे गाडी पेट्रोलसाठी थांबली तेव्हा तो पिशवी घेऊन पंपाच्या मागच्या संडासात शिरला आणि बाहेर आला तो बेर्नाबेच्या कपड्यांत. बनियन, शर्ट, स्वेटर, वरून जाकीट, सगळं. वाल्दोने वळून पाहिलं आणि त्याच्या हातातून पेट्रोलची नळी सुटता सुटता राहिली. “आईशप्पथ दादा! एक क्षणभर मला वाटलं...” इलारियो म्हणाला, “थंडी वाजतेय मला.” बाहेर शेळ्या सावली शोधत होत्या. वाल्दो पुन्हा पेट्रोल भरायला लागला. दुःखाने माणसं काहीही करतात हे त्याने पाहिलेलं असणार.

इकाच्या वाळूच्या टेकड्यांवर सहलीची मंडळी फळ्यांवरून घसरत खाली येत होती, किंचाळत होती. इलारियो टेकडी चढत होता. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. त्रेपन्न वर्षांचा माणूस, अंगात लोकरीचा स्वेटर, पायांत कचेरीचे बूट, आणि उन्हाने वाळू अशी तापलेली की हात टेकवेना. चौथ्या खेपेला त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. रेबेका पाण्याची बाटली घेऊन आली. “अहो, तुम्हाला उकडत नाही का? मला बघूनच घाम फुटलाय. ताप वगैरे नाही ना? बघू जरा.” तिने हात पुढे केला तसा तो मागे सरला. “व्यायाम करतोय,” तो म्हणाला. ती नवऱ्याकडे वळून काहीतरी बोलली आणि दोघं फार समजूतदारपणे दुसरीकडे गेली. त्याच्या काखा भिजल्या होत्या, स्वेटर गळ्याशी चावत होता, वाळू मोज्यांत शिरली होती आणि तो मनातल्या मनात हिशेब मांडत होता की एवढा घाम पुरेल का. अकरा दिवस तापलेल्या माणसाचा घाम वेगळा असतो. भीतीचा असतो त्यात. बेर्नाबेला भीती वाटत होती का? शेवटच्या रविवारी संध्याकाळी त्याने हाक मारली होती, “दादा, जरा बस ना माझ्यापाशी.” इलारियो म्हणाला होता, “बातम्या संपल्या की आलो.” बातम्या संपल्या. त्यानंतर हवामान असतं, ते संपलं. मग कसलासा खेळ होता. दारातून तो खोलीत डोकावला तेव्हा बेर्नाबे डोळे मिटून पडला होता आणि इलारियोने खुशाल ठरवून टाकलं की तो झोपलाय.

शनिवारी नाझ्का मागे टाकून गाडी समुद्राला लागली. धुकं होतं, ओलं, खारट; त्या धुक्यात रस्ता डोंगराच्या कडेकडेने जात होता आणि खाली कुठेतरी लाटा आपटत होत्या, दिसत नव्हत्या. इलारियो शर्टाच्या कॉलरीत नाक घालून बसला होता. जांभळी फुलं जवळपास गेली होती. आता जो वास येत होता तो कोणाचा? त्याने बेर्नाबेचा वास आठवून बघायला सुरुवात केली आणि त्याला धक्काच बसला. आठवत नव्हता. डिझेल, हो. संत्र्याची साल, कारण बेर्नाबे साली जाकिटाच्या खिशात कोंबायचा. कोकाची पानं. पण ह्या सगळ्यांच्या खाली जो असतो, माणसाचा म्हणून जो असतो, तो नाहीच. अकरा दिवस शेजारच्या खोलीत तो भरून राहिला होता, पॅसेजमध्ये येत होता, इलारियोच्या उशीपर्यंत येत होता, त्याने खिडक्या उघड्या टाकल्या होत्या, ओट्यावर व्हिनेगर ओतून ठेवलं होतं, आणि आता तो एक वास मिळावा म्हणून त्याने काय वाटेल ते दिलं असतं. “वाल्दो,” त्याने विचारलं, “गाडीत त्याचं काही राहिलंय का रे? टोपी, रुमाल, काहीही?” वाल्दोने मान हलवली. “मानेभोवतीचा पंचा होता दादा. पण ही डॉक्टरीणबाई वगैरे बसणार म्हणून मी बुधवारी गाडी आतून धुतली ना सगळी. पंच्याने काचा पुसल्या आणि टाकून दिला. का हो?” “काही नाही. सहज.” दोघेही बुधवारी साफसफाईला लागले होते तर. चाला गावातल्या खानावळीत मासळीचा रस्सा समोर आला तेव्हा इलारियोने वाल्दोकडून डिझेलचं फडकं मागून घेतलं आणि बाहीला पुसलं. संत्रं सोललं, साली खिशात कोंबल्या. पानं चघळली, शर्टाच्या खिशाशी थोडी हिरवी थुंकी लावली. आरशासमोर उभं राहून हे सगळं करताना त्याला कचेरीतला आपला हात दिसला, शिक्का धरलेला.

रविवारी सकाळी, धुक्याने दमटली म्हणून त्याने उघड्यावर वाळत टाकलेली पँट खानावळीच्या बाईने उचलून नेली. चांगुलपणाने नेली. तो मागच्या अंगणात पोचला तेव्हा तिने पाणी काढलं होतं, साबण लावायच्या बेतात होती. “दे! दे इकडे!” इलारियो असा ओरडला की तिच्या हातातली बादली पडली. “अहो, एवढी मळलीये, फुकट धुऊन देत होते,” ती म्हणाली. “बेर्नाबेचे भाऊ ना तुम्ही? बेर्नाबेची मी नेहमी धुवायची. वाळवंटातून आला की आधी पँट माझ्याकडे फेकायचा, म्हणायचा, आईने बघितलं तर म्हणेल पोरगं गाढवांत राहतं.” ती हसली आणि मग तोंडाला शालीचं टोक लावून रडायला लागली. इलारियो पँट छातीशी धरून उभा. ह्या बाईला आपल्या भावाबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, हे त्याला लख्ख कळलं, आणि राग आला, तिचाच राग आला.

दुपारी गाडी समुद्र सोडून आत वळली आणि चढायला लागली. ओकोन्याच्या खोऱ्यातली भातशेतं संपली, मग निवडुंग, मग काहीच नाही, मग पिवळं गवत आणि थंडी. कान दडले. ब्राझीलवाले गप्प झाले, रेबेकाला मळमळत होतं. साडेचार हजार मीटरवर वाल्दोने गाडी थांबवली कारण समोर कोरोपुना होता, सगळाच्या सगळा, पांढरा, आणि सहलीच्या कागदावर तिथे फोटोसाठी वीस मिनिटं लिहिलेली होती. इलारियो उतरला. लहानपणी गावातल्या म्हाताऱ्या सांगायच्या, मेलेली माणसं तिथे शेतं करतात, लग्नं लावतात, भांडतात. त्याने बर्फाकडे बघायचा प्रयत्न केला आणि त्याला बघवेना. वाऱ्याने जाकीट फडफडत होतं. त्याच्या छातीवर दोऱ्याने ‘बेर्नाबे’ असं नाव शिवलेलं होतं. आणि तिथे, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या त्या वाऱ्यात, इतके दिवस जे तो बाजूला सारत होता ते त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं. गडबड झाली नव्हती. आईचा फोन मंगळवारी आला होता, कपडे त्याने बुधवारी दिले. ‘झटकूसुद्धा नकोस’ हे शब्द कानात असताना त्याने ती पिशवी उचलली होती. लाँड्रीच्या फळीवर ठेवताना बाईने विचारलं होतं, “घाई आहे का?” आणि तो म्हणाला होता, “जेवढ्या लवकर होईल तेवढं.” त्याला त्या पिशवीत बेर्नाबेचा वास नव्हता येत. त्याला घरचा वास येत होता. घोंगडीचा, चरबीचा, चुलीचा, आईच्या वेणीचा. बेर्नाबेने तो लिमात येऊनही टाकला नव्हता, जपला होता मूर्खाने, आणि तो आता भाऊ मेल्यावरही इलारियोच्या घरात बसला होता, हक्काने. तो घालवायचा होता. एवढंच होतं. माझा भाऊ मेला आणि मी त्याचा वास घालवला, तो मोठ्याने म्हणाला. वाऱ्यात कोणाला ऐकू गेलं नाही. रेबेकाच्या नवऱ्याने त्याचा फोटो काढला.

त्या संध्याकाळी मुक्काम एका गुराख्याच्या घरी होता. इलारियो मुद्दाम चुलीपाशी बसला. लामा जनावरांच्या लेंड्यांचा धूर डोळ्यांत जात होता, तो हलला नाही. गुराख्याची बायको म्हणाली, “मागे सरका की बाबा, काळे व्हाल.” तो म्हणाला, “होऊ दे.” सगळं परत यावं म्हणून तो बसला होता, एकोणचाळीस वर्षांत धुऊन काढलेलं सगळं. घाम आता सुकून कडक झाला होता, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि त्याला दर थोड्या वेळाने वाटायचं की जमलं, हा बेर्नाबेच आहे. आईचं नाक आता ऐंशी वर्षांचं आहे, थकलेलं आहे, तिला हुंगायला मिळालं म्हणजे झालं. तिला शांत वाटेल. बेर्नाबे सुटेल किंवा नाही सुटणार, ते कोणी पाहिलंय? निदान आई तरी सुटेल. हे त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ते खरं वाटायला लागलं.

सोमवारी सकाळी गाडी दरीत उतरली. वळणावर वळण, खाली नदीची एक हिरवी रेघ, दोन्ही बाजूंना तांबडे कडे. मागच्या सीटवर सगळे ‘अहाहा’ करत होते. गावाच्या अलीकडच्या वळणावर त्याने गाडी थांबवायला सांगितली, दगडाआड जाऊन आपले कचेरीचे कपडे चढवले आणि बेर्नाबेचे गुंडाळून जुन्या चादरीत बांधले. अंगावरून ते उतरवताना त्याला विचित्र थंडी वाजली. वाल्दो म्हणाला, “दादा, आम्ही धबधबा बघून दुपारी परत फिरतो. यायचं असेल तर वरच्या रस्त्यावर उभे राहा. राहायचं असेल तर प्रश्नच नाही म्हणा, आई आहे.” इलारियो म्हणाला, “बघतो.”

आई नदीवरच होती. घासलेल्या दगडाशेजारी बसलेली, केवढीशी झालेली. तिच्यामागे गावातल्या पाच-सहा बाया आणि दामासो, ज्याचं ह्या घराशी रक्ताचं नातं नव्हतं म्हणून धुण्याचा मान त्याचा. इलारियो वाकला तेव्हा आईने त्याच्या गालाला हात लावला आणि लगेच चादरीकडे बघितलं. “आणलेस?” “आणले.” “तसेच?” “तसेच.” दामासोने टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जे दर वेळी सांगायचं असतं ते सांगितलं: कपडे धुतले की ज्याचा घाम आहे त्याचं नाव तीनदा पाण्याला सांगितलं जाईल, कोणी ओ द्यायची नाही, जो ओ देईल तो त्याच्याबरोबर जाईल. बाया सरसावून बसल्या. आईने गाठ सोडली. मोजे घेतले, नाकाला लावले, दामासोकडे दिले. पँट. बनियन. जाकीट तिने नुसतं वरवर हुंगलं. शर्ट घेतला आणि थांबली. मग स्वेटर घेतला, स्वतः विणलेला, आणि त्यात तोंड बुडवून ती इतका वेळ बसली की बायांपैकी एकीने हुंदका दिला. जमलं, इलारियोच्या मनात आलं.

“इकडे ये,” आई म्हणाली. “बस माझ्यापाशी.” तो बसला. ती हळू बोलली, फक्त त्याच्यापुरतं. “हा बेर्नाबे नाही.” “आई, प्रवासात जरा धूर—” “धूर मला कळतो. डिझेल कळतं. ह्याच्या खाली तू आहेस.” तिने स्वेटर पुन्हा एकदा नाकाला लावला. “चौदा वर्षांचा होतास तेव्हा गेलास. पोराचा वास आई विसरते होय रे? मला वाटलं होतं तू तो टाकलास कुठेतरी. आहे की. तसाच आहे.” तिचा आवाज क्षणभर असा मऊ झाला की त्याला वाटलं आता ही आपल्याला जवळ घेईल, आणि चौदाव्या वर्षापासून त्याला दुसरं काहीही नको होतं हे त्याला त्याच क्षणी कळलं. मग तिने विचारलं, “त्याचा कुठे गेला?”

“लाँड्रीत. मशीनमध्ये.”

“साबण लावून?”

“हो.”

“मी सांगितलं होतं ते तुला आठवत होतं?”

नाही म्हणता आलं असतं. दामासो पाण्यात उभा होता, बाया बघत होत्या, नदी आवाज करत होती, कोणाला काही कळलं नसतं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदूची निळसर छटा होती, पण ती बघत होती, थेट.

“आठवत होतं,” इलारियो म्हणाला.

आईने मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने शर्ट आणि स्वेटर एकावर एक ठेवले, नीट घडी घातली आणि दामासोकडे दिले. “धू,” ती म्हणाली. इलारियोने तिचा हात धरला. “आई, अगं ते माझं आहे. तू जाणतेस ना? जिवंत माणसाचं आजच्या दिवशी धुवायचं नसतं.” तिने हात सोडवून घेतला. “पाण्याला खोटं सांगता येत नाही,” ती म्हणाली. दामासोने स्वेटर पाण्यात बुडवला, दगडावर आपटला, पुन्हा बुडवला. पाणी आधी पिवळट झालं, मग राखाडी, मग धुराचं काळं सुटलं आणि प्रवाहाला लागून निघून गेलं. इकाची वाळू गेली, चालाचं खारं धुकं गेलं. मळ निघेनासा झाल्यावर दामासोने कपडे उचलून धरले आणि आई काठीला रेटा देत उभी राहिली. तोंडाभोवती दोन्ही हात धरून तिने नदी जिकडे जात होती तिकडे हाक मारली.

“इलारियोऽऽ!”

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. दामासो हलकेच म्हणाला, “काकू, बेर्नाबे. बेर्नाबे म्हणा.” आईने ऐकलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. कड्यावरून ते नाव परत आलं, अर्धवट. एक म्हातारी कुजबुजली, बाईचं डोकं फिरलंय दुःखाने, असू दे, असू दे. इलारियोच्या छातीत, अगदी आतून, ‘ओ’ उठली. लहानपणी तो मेंढरांमागे वर गेलेला असायचा आणि आई खालून अशीच हाक मारायची. तेव्हा एका श्वासात ओ निघून जायची, विचार करावा लागत नसे. आत्ताही ती गळ्यापर्यंत आली. ओ दिली असती तर काय झालं असतं? काही झालं नसतं. नदी नदीच राहिली असती. आणि तरी त्याने दातांवर दात दाबले, दोन्ही हातांनी तोंड घट्ट धरलं, कारण तो घाबरला होता, एखाद्या गावंढळ माणसासारखा मरणाला घाबरला होता. तिसरी हाक सर्वांत लांब होती. ती संपेपर्यंत त्याने श्वास घेतला नाही.

मग आई खाली बसली. दामासोने कपडे दगडांवर वाळत घातले. जाकिटावरचं शिवलेलं नाव वर आलं होतं. “बेर्नाबे आता राहील घरातच,” आई कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. “दारं ढकलेल. ढकलू दे. मला सोबत होईल.” बायांनी उकडलेले बटाटे आणि मका फडक्यावर मांडायला घेतला. आईने आपल्यापुढची थाळी उचलली, इलारियोच्या दिशेने केली, पण त्याच्याकडे बघितलं नाही, शेजारणीकडे बघितलं.

“पाहुण्यांना आधी वाढ गं,” ती म्हणाली. “त्यांची गाडी जायची वेळ झालीय.”